लेसोथोच्या राजाला जास्त अधिकार असायला हवेत का?

मालुतीपायथा

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं कामानिमित्त लेसोथोत, राजधानी मासेरूला राहतो आहे. ज्यांना हा देश नकाशावर सापडत नाही त्यांच्यासाठी: दक्षिण आफ्रिकेच्या पोटात जे एक भोक दिसतं ते लेसोथो. चारी बाजूंनी एकच शेजारी. क्षेत्रफळ ३०,३५५ चौ. किमी, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या साधारण दुप्पट, आणि वस्ती तेवीस लाखांच्या आसपास.

इथे राजा आहे. लेत्सी तिसरे. पण १९९३ च्या राज्यघटनेने त्यांना 'राष्ट्रीय ऐक्याचं जिवंत प्रतीक' म्हणून बसवलं आहे, बाकी कारभार पंतप्रधानाचा. राज्यारोहणाच्या वेळी राजा शपथच घेतो की राजपदाला राजकारणात ओढणार नाही. घटनेने जे सल्ल्यानुसार करायचं ते राजाने टाळलं, तर पंतप्रधान त्यांना कळवून ते काम स्वतः उरकू शकतो, अशीही तरतूद आहे. म्हणजे रुसून बसायचीसुद्धा सोय नाही.

आता माझा प्रश्न. ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, साठीला टेकलेले. इथे मोठ्या माणसाला 'न्ताते' म्हणतात, आपल्या 'बाबा'सारखं. हे न्ताते दर आठवड्याला एकदा तरी म्हणतात, "या पुढाऱ्यांपेक्षा मोरेना बरे." मोरेना म्हणजे राजा किंवा गावचा प्रमुख. आणि ते एकटे नाहीत. टॅक्सीत, बाजारात हेच ऐकू येतं. २०१२, २०१५, २०१७ अशा पाच वर्षांत तीन निवडणुका झाल्या. पक्ष फुटतात, सरकारं पडतात, पुन्हा तीच माणसं नवी पाटी लावून येतात. लोक विटले आहेत, आणि मला त्यांचं म्हणणं पटायला लागलं आहे. संसद कधी बरखास्त करायची, सेनाप्रमुख कोण, एवढे दोन निर्णय राजाकडे असते तर काय बिघडलं असतं? जाणकारांनी लिहावं.

कोकणी_वारा

तोच ना तो राजा, दरवर्षी हजारो मुली त्याच्यासमोर नाचतात आणि ज्याला डझनभर राण्या आहेत?

मालुतीपायथा

नाही हो, तो एस्वातिनी, पूर्वीचं स्वाझीलँड. राजे म्स्वाती तिसरे. ही गल्लत फार होते आणि इथल्या लोकांना ती फार लागते. लेत्सींना एकच राणी आहे, मासेनाते.

बखरवाला

मालुतीपायथा, या दोन राजांमधला फरक हाच खरं तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. आफ्रिकेत आज तीनच देशांत राजा राष्ट्रप्रमुख आहे: मोरोक्को, एस्वातिनी, लेसोथो. एस्वातिनीत आजच्या राजांचे वडील सोभुझा दुसरे यांनी १९७३ साली घटना गुंडाळली आणि पक्षांवर बंदी घातली. आजही तिथे पक्ष म्हणून निवडणूक लढवता येत नाही. सरकार 'स्थिर' आहे, पण २०२१ मध्ये लोक रस्त्यावर आले तेव्हा गोळ्या चालल्या. २०२३ च्या जानेवारीत तिथले मानवी हक्कांचे वकील थुलानी मासेको यांना घरात गोळ्या घालून मारलं. न्तातेंना विचारा, ही स्थिरता हवी का?

दुसरं अर्धं उत्तर लेसोथोतच आहे. लेत्सींनी हे करून पाहिलेलं आहे! १७ ऑगस्ट १९९४ रोजी त्यांनी निवडून आलेलं सरकार बडतर्फ केलं आणि संसद बरखास्त केली. वर्षभरापूर्वीच न्त्सू मोखेहले यांच्या पक्षाने ६५ पैकी ६५ जागा जिंकल्या होत्या. लोक राजवाड्यासमोर जमले, गोळीबार झाला, माणसं गेली. मग मंडेला, बोत्स्वानाचे मासिरे आणि झिंबाब्वेचे मुगाबे या तिघांनी दट्ट्या लावला आणि महिन्याभरात, १४ सप्टेंबरला, सरकार परत आलं.

जास्वंद

बाप रे. पण बखरवाले, राजाने असं का केलं तेही लिहा ना. अर्धी गोष्ट सांगून थांबू नका.

बखरवाला

लिहितो. वडिलांसाठी केलं, आणि इथे मला त्या माणसाबद्दल माया वाटते.

लेत्सींचे वडील मोशोएशोए दुसरे. ४ ऑक्टोबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच राजे होते. त्यांना शोभेचा राजा व्हायचं नव्हतं, अधिकार हवे होते, आणि त्यावरून पहिले पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांच्याशी पहिल्यापासून वाजलं. १९७० च्या निवडणुकीत जोनाथन हरले: मोखेहले ३६, जोनाथन २३. मग त्यांनी आणीबाणी लावली, निकाल रद्द केला, घटना बासनात बांधली आणि राजाला काही महिन्यांसाठी नेदरलँड्सला धाडलं. पुढे १९८६ मध्ये सेनाप्रमुख लेखान्या यांनी जोनाथनना हटवलं. लष्कराने सुरुवातीला राजाला अधिकार दिले, पण चार वर्षांत त्या दोघांचंही बिनसलं. १९९० मध्ये राजा पुन्हा परदेशी आणि सिंहासनावर थोरला मुलगा. सत्तावीस वर्षांचा मुलगा, बाप हद्दपार असताना बापाच्या खुर्चीत. लेत्सींना ती खुर्ची नकोच होती. १९९४ चा सगळा खटाटोप वडिलांना परत आणण्यासाठी होता. जानेवारी १९९५ मध्ये ते परत राजे झालेसुद्धा. आणि १५ जानेवारी १९९६ ला डोंगरातल्या रस्त्यावर मोटार दरीत कोसळून गेले. लेत्सी दुसऱ्यांदा राजा झाले.

त्यानंतर तीस वर्षांत या माणसाने एकदाही रेषा ओलांडलेली नाही. आज लोकांना राजाबद्दल जो आदर वाटतो तो या संयमाचा आहे. अधिकार दिलेत की तो आदर खर्च व्हायला लागेल.

जास्वंद

वाचून गलबलून आलं.

जोझीकर

जोहान्सबर्गहून लिहितो आहे. १९८६ नुसतं सांगून पुढे जाऊ नका, बखरवाले. त्या वर्षाच्या १ जानेवारीला वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने लेसोथोची सीमा आवळली. चहूबाजूंनी वेढलेल्या देशाची सीमा बंद करणं म्हणजे नाक दाबणंच. त्यांचा राग असा की जोनाथन मंडेलांच्या पक्षाच्या लोकांना आसरा देतात. १९८२ च्या डिसेंबरात तर त्यांनी रात्री मासेरूत सैनिक घुसवून ४२ जणांना मारलं होतं, त्यात लेसोथोची साधी माणसंही होती. नाकेबंदीनंतर तीन आठवड्यांत जोनाथन गेले. आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला पाण्याचा करार झाला.

मी रोज सकाळी नळ सोडतो तेव्हा जे पाणी येतं त्यातलं बरंच त्या कराराने येतं. कात्से आणि मोहाले ही धरणं, तिथून डोंगर पोखरून काढलेले बोगदे, मग वाल नदीचं खोरं, मग आम्ही. लेसोथोला त्याची रॉयल्टी मिळते. पण धरणात ज्यांची शेतं आणि कुरणं गेली त्यांच्याशी बोललात तर चित्र वेगळं दिसतं. कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडं या धाग्यावर असतील, त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून राजा की पंतप्रधान, यापेक्षा प्रिटोरियात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारात, कोण बसलंय हे लेसोथोसाठी जास्त महत्त्वाचं ठरत आलं आहे.

मालुतीपायथा

जोझीकर, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. मोठा शेजारी आहे हे खरंच. पण पक्ष काही प्रिटोरिया फोडत नाही. ते इथलेच लोक फोडतात.

आकडेमोड

मला या देशाच्या निवडणूक पद्धतीत फार रस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

१९९८ मध्ये मोसिसिली यांच्या एलसीडी पक्षाला ६० टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा? ८० पैकी ७९. उरलेल्या चाळीस टक्के लोकांना मिळून एक जागा. आपल्यासारखीच पद्धत, मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो जिंकला. विरोधक राजवाड्याच्या फाटकावर जाऊन बसले: राजाने हस्तक्षेप करावा, निकाल रद्द करावा. राजाने केलं नाही. लष्करात बंडाळी माजली, सरकारने शेजाऱ्यांना हाक दिली आणि २२ सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेचं सैन्य आत आलं, मागोमाग बोत्स्वानाचं. कात्से धरणावरही चकमक होऊन लेसोथोचे सैनिक मेले. मासेरूचा बाजार जळून खाक झाला.

त्या राखेतून नवी पद्धत आली. २००२ पासून ८० जागा मतदारसंघांच्या आणि ४० जागा एकूण मतांच्या प्रमाणात भरपाई म्हणून. जर्मनी आणि न्यूझीलंडसारखी. आफ्रिकेत हे करणारा लेसोथो पहिला. त्या निवडणुकीत एलसीडीने ७७ मतदारसंघ जिंकले, तरी समोरच्या बीएनपीला (जोनाथन यांचा जुना पक्ष) भरपाईतून २१ जागा मिळाल्या. विरोधक पहिल्यांदाच सभागृहात नीट दिसायला लागले.

मग २००७ मध्ये पुढाऱ्यांनी फट शोधली. तेव्हा मतं दोन होती, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. एलसीडीने समर्थकांना सांगितलं, उमेदवाराचं मत आम्हाला आणि पक्षाचं मत एनआयपी या छोट्या मित्रपक्षाला द्या. झालं! एलसीडीला मतदारसंघांच्या ६१, आणि एनआयपीला भरपाईच्या २१. भरपाई हरणाऱ्यांसाठी होती, ती जिंकणाऱ्यांच्या मित्राने उचलली. विरोधी एबीसीनेही एका कामगार पक्षाशी हेच केलं. शेवटी २०१२ पासून एकच मत ठेवलं: उमेदवाराला दिलेलं मत त्याच्या पक्षाच्या खात्यातही मोजायचं. फट बुजली.

मला हा देश आवडतो तो यासाठी. चूक झाली, माणसं मेली, पण नियम बदलला. नियमाला चुकवलं तर पुन्हा बदलला.

मिसळपाव_नाशिक

आकडेमोड, कंटाळा कसला, पुढे काय झालं?

आकडेमोड

पुढे बहुमत कुणालाच मिळेना. २०१२ ला तीन पक्षांचं सरकार, १२० पैकी ६१. २०१५ ला सात पक्षांचं, ६५ जागा. २०१७ ला पुन्हा चार पक्षांचं.

मिसळपाव_नाशिक

सात पक्ष! मंत्रिमंडळाची बैठक घ्यायची तर मांडवच घालावा लागत असेल. :)

वकिलीण

इथेच मूळ दुखणं आहे आणि ते राजाच्या अधिकारांत नाही. लेसोथोत मतदारसंघातून निवडून आलेला खासदार पक्ष सोडून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला तरी त्याची जागा शाबूत राहत आली आहे. वंशावळ बघा. मोखेहले यांचा बीसीपी. १९९७ मध्ये पंतप्रधान असतानाच त्यांनी स्वतःचा पक्ष सोडून एलसीडी काढला आणि बहुमत सोबत नेलं, एका दिवसात सत्ताधारी पक्ष विरोधी झाला! एलसीडीतून २००१ मध्ये एलपीसी, २००६ मध्ये थाबाने यांचा एबीसी, २०१२ मध्ये मोसिसिलींचा डीसी. डीसीतून २०१६ अखेर एडी. एबीसीतून २०२१ मध्ये बीएपी. सगळी एका झाडाची फांदी. विचारांवरून फुटलेलं त्यात फार थोडं, मंत्रिपदांवरून फुटलेलं भरपूर.

पक्षांतरबंदी कायदा आणा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की आपल्याकडे दहावी अनुसूची १९८५ पासून आहे आणि महाराष्ट्राने २०२२ आणि २०२३ मध्ये काय पाहिलं ते आपण जाणतोच. कायदा हवा, पण फूट ठरवणारा माणूस निःपक्ष हवा.

लेसोथोने प्रयत्न केला. देशभर चर्चा झाल्या, सुधारणांसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं, पक्षांतराला लगाम घालणारं मोठं घटनादुरुस्ती विधेयक तयार झालं. २०२२ ला संसदेची मुदत संपली तरी ते मंजूर होईना. मग ऑगस्टमध्ये पंतप्रधान माजोरो यांनी आणीबाणी जाहीर करून विसर्जित संसद परत बोलावली आणि ते मंजूर करून घेतलं. न्यायालयाने सांगितलं, ही आणीबाणी नव्हे, हे घटनाबाह्य आहे. विधेयक गेलं. मला वाईटही वाटलं आणि अभिमानही. हवी होती ती सुधारणा, पण चुकीच्या दाराने आली म्हणून न्यायाधीशांनी ती परत पाठवली.

सैनिककन्या

माझे मामा भारतीय लष्करात होते. लेसोथोच्या सैन्याला प्रशिक्षण द्यायला २००१ पासून आपलं पथक तिथे जात आलं आहे, त्यात त्यांची एक फेरी झाली. मामा सांगायचे, शिपाई अतिशय शिस्तीचे आणि डोंगर चढायला बकरीसारखे. दुखणं वरच्या मजल्यावर. प्रत्येक पंतप्रधानाला 'आपला' सेनाप्रमुख हवा.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये लष्कराने पोलिसांच्या मुख्यालयावर छापा घातला, पंतप्रधान थाबाने सीमेपार पळाले. जून २०१५ मध्ये माजी सेनाप्रमुख महाओ यांना त्यांच्याच सैनिकांनी मारलं. सप्टेंबर २०१७ मध्ये सेनाप्रमुख मोत्शोमोत्शो यांना त्यांच्या कार्यालयात सहकारी अधिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या. दोन वर्षांत दोन सेनाप्रमुख!

धागाकर्त्यांनी म्हटलंय की सेनाप्रमुख राजाने नेमावा. मला भीती वाटते की मग बंदुका राजवाड्याकडे वळतील.

मालुतीपायथा

सैनिककन्या, हे मी विचारात घेतलं नव्हतं. थोडा हललो आहे.

अबोली

राजा राजा सगळे म्हणताहेत, राण्यांचं कुणी लिहिलंच नाही. या देशात १९४१ ते १९६० अशी जवळजवळ वीस वर्षं मान्त्शेबो या बाईंनी राज्य सांभाळलं, सिंहासनाच्या वतीने. लेत्सींच्या आईंनी, मामोहातोंनी, १९७०, १९९० आणि १९९६ असं तीनदा राज्य सांभाळलं. नवरा हद्दपार झाला तेव्हा, आणि वारला तेव्हाही. तरी मुलीला वारसा नाही. लेत्सींना दोन थोरल्या मुली, पण युवराज २००७ मध्ये जन्मलेला धाकटा लेरोथोली.

गावप्रमुखांचंही तेच. एका प्रमुखाची एकुलती एक मुलगी सेनाते मासुफा यांनी वारसा मागितला, कोर्टात गेल्या. न्यायालयाने कायद्याच्या बाजूने कौल दिला. विधवेला प्रमुखपद चालतं, लेकीला नाही. संकटात बाई चालते, हक्कात नाही.

वकिलीण

अबोलीताई, +१. आणि हे फक्त गावापुरतं नाही. वरिष्ठ सभागृहात ३३ सदस्य असतात, त्यातले २२ वंशपरंपरेने आलेले मोठे प्रमुख. म्हणजे ही वारसाहक्काची पद्धत थेट कायदेमंडळात बसते.

कोकणी_वारा

वंशपरंपरेने कायदेमंडळात? मग ते लोकशाहीत बसत नाही. काढून टाका ना.

मालुतीपायथा

थांबा जरा, गावात राहून पाहा मग काढा. प्रमुखाशिवाय इथलं पान हलत नाही. मेंढरू विकायचं तर ते तुझंच आहे असा कागद प्रमुख देतो. त्याला इथे 'बेवेस' म्हणतात. कुठलं कुरण कधी राखून ठेवायचं आणि कधी खुलं करायचं तेही तोच ठरवतो. आणि जमीन कुणाची? घटनेत लिहिलंय, सगळी जमीन बासोथो म्हणजे इथल्या लोकांच्या राष्ट्राची, राजा तिचा विश्वस्त.

आमच्या प्रकल्पासाठी मागच्या वर्षी एका गावात रस्ता न्यायचा होता. आमचे साहेब नकाशा घेऊन गेले. प्रमुख म्हणाले, आधी पित्सो. पित्सो म्हणजे गावसभा, कुणीही उठून बोलायचं. पाच तास चालली. घोंगडी पांघरलेल्या म्हाताऱ्या एकेक करून उठल्या आणि प्रमुखांना तोंडावर सुनावलं. प्रमुख खाली मान घालून ऐकत होते. रस्ता शेवटी झऱ्याला वळसा घालून गेला. म्हणच आहे इथे: 'मोरेना के मोरेना का बाथो'. प्रमुख हा लोकांमुळे प्रमुख.

बखरवाला

पित्सो म्हटलं की बासोथोंचं राष्ट्र उभं करणारा पहिला मोशोएशोए आठवतो. आपली माणसं घेऊन थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर गेलेला माणूस. १८२४ चा सुमार. आश्रयाला आलेल्या प्रत्येक टोळीला जागा दिली, बोअर (डच वंशाचे गोरे वसाहतकार) तोफा घेऊन आले तरी डोंगर पडला नाही. सह्याद्रीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. १८६८ मध्ये ब्रिटिशांचं संरक्षण मागितलं, कारण दुसरा पर्याय बोअरांकडे जमीन जाणं हा होता. सुपीक जमीन गेलीच, ती आजही पलीकडे दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतात आहे. २०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत ती परत मागण्याचा ठराव चर्चेला आला होता.

धनगरवाडी

मेंढरांचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने नियम काढला की लोकर आणि मोहेर (अंगोरा शेळ्यांचे केस) परवान्याशिवाय बाहेर न्यायची नाही, मासेरूतच विकायची. आधी शेतकरी दक्षिण आफ्रिकेतल्या लिलावात विकायचे. नव्या व्यवस्थेत पैसे महिनोन्महिने रखडले, मेंढपाळ राजधानीत मोर्चा घेऊन गेले. तेव्हा त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं? राजा बोलू शकत नव्हता. खासदार आघाड्या जुळवण्यात. मी मेंढरामागे वाढलेला माणूस आहे, पोट जळतं तेव्हा घटना कुणाला आठवत नाही. त्या न्तातेंचं म्हणणं मला समजतं.

आकडेमोड

धनगरवाडी, म्हणूनच २०२२ मध्ये लोकांनी वेगळं करून पाहिलं. सॅम मातेकाने हे बांधकाम आणि खाणकामातले धनाढ्य उद्योजक. मार्चमध्ये पक्ष काढला, ७ ऑक्टोबरला मतदान, १२० पैकी ५६ जागा. दोन पक्षांना घेऊन सरकार. जुन्या एबीसीला फक्त ८.

सैनिककन्या

आणि वर्षभरात अविश्वासाचा ठराव. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लष्कर, पोलीस आणि गुप्तचर खात्याचे प्रमुख एकत्र येऊन म्हणाले, सरकार पाडू देणार नाही. सरकार वाचलं. पण सरकार कुणी टिकवायचं हे गणवेशवाल्यांनी सांगणं मला १९८६ इतकंच धोक्याचं वाटतं.

जोझीकर

त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने लेसोथोवर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, पुढे ते १५ वर आणलं. पण तोवर तिथल्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या ऑर्डरी गेल्या. त्या कारखान्यांत बहुतेक बायका. 'कुणी नावही ऐकलं नाही असा देश' असं ट्रम्प म्हणाले तेव्हा माझी घरकामाची मावशी, जी लेसोथोची आहे, दिवसभर गप्प होती.

जास्वंद

मालुतीपायथा, एवढं सगळं वाचून तुमचं मत काय झालं? प्रश्न तुम्ही विचारला होता.

मालुतीपायथा

जास्वंद, काल हा धागा न्तातेंना जमेल तसा सांगितला. १९९४ निघालं तसे ते गप्प झाले. म्हणाले, त्या दिवशी मी राजवाड्यासमोर होतो, सरकारच्या बाजूने, राजाच्या विरुद्ध. मी विचारलं, मग आता राजाला अधिकार द्या का म्हणता? ते म्हणाले, "तेव्हा राजाने ऐकलं नाही म्हणून गेलो. आता पुढारी ऐकत नाहीत म्हणून बोलतो. मला अधिकार कुणाला द्यायचे नाहीत, मला ऐकणारा हवा आहे."

त्यामुळे बरखास्ती आणि सेनाप्रमुख या दोन्ही मागण्या मी मागे घेतो. वकिलीणबाईंचा पक्षांतराचा मुद्दा मान्य. एवढं मात्र अजून वाटतं की वर्षातून एकदा राजाने थाबा बोसिऊवर पित्सो भरवावा आणि पंतप्रधानाने सगळ्यांसमोर उभं राहून प्रश्न ऐकावेत. निर्णय राजाचा नाही, फक्त बोलावणं राजाचं.

वकिलीण

याला घटनादुरुस्तीही लागणार नाही. पंतप्रधानाने हो म्हणायला हवं, एवढंच.

धनगरवाडी

तसा पित्सो भरला तर लोकरीचा प्रश्न पहिला विचारा.

मालुतीपायथा

न्तातेंना सांगून ठेवतो. ११ मार्चला मोशोएशोए दिन असतो, त्या दिवशी आम्ही दोघं डोंगर चढणार आहोत. फोटो टाकेन.